चिंचेच्या शेंड्यावरचा चोर

१

पुंजाजीचं इंटरचं वर्ष नापास होऊन गेलं नाही. ते कुणीतरी चोरलं.

एकोणीसशे सदतीस सालचा श्रावण. पहिल्या सोमवारी मंगरूळपीरच्या वेशीबाहेरच्या मळ्यात विद्यापीठाचं जाड पाकीट आलं, तेव्हा जिजाबाई बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती. नवरा बापूराव गेल्याला आठ वर्षं झाली होती. मोट, वाफे, बाजार हे सगळं तिनं एकटीनं ओढलं होतं, आणि ओढताना डोळ्यांसमोर एकच गोष्ट ठेवली होती, ती म्हणजे पोरगा अमरावतीच्या कॉलेजातून शिकून बाहेर पडलेला. निकालाच्या यादीत पुंजाजीच्या नावापुढं काहीच छापलं नव्हतं. पाकिटातून त्याचं उत्तर येईल, या आशेनं तिनं हातातली जुडी खाली ठेवली.

पुंजाजीनं कागद वाचला आणि तो खोपीच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"काय म्हनते कागद?"

"काई नाई, माय."

"काई नाई, तं भिताडाले टेकला काहून?"

मग त्यानं सांगितलं. कुणीतरी निनावी अर्ज केला होता. पुंजाजीनं गणिताचा पेपर आधीच फोडला, परीक्षेच्या आदल्या दिवशी पाच उदाहरणं सोडवून मित्रांना लिहून दिली, असा त्यात मजकूर. पुरावा म्हणून तो उदाहरणांचा कागदही जोडलेला. पेपरात खरोखर तीच पाच उदाहरणं आली होती. पंधरा दिवसांत समाधानकारक खुलासा आला नाही, तर दोन वर्षं परीक्षेला बसायची बंदी आणि शिष्यवृत्ती कायमची बंद. पत्र फिरत फिरत आलं होतं. पंधरातले सहा दिवस वाटेतच संपले होते.

"ते पाच हिशेब तू आधी पाह्यले होते?"

"पाह्यले होते ना. इथंच, या खोपीत. एका जुन्या पुस्तकातून आमी चौघांनी दिवाळीपासून सोडवले. पेपर काढनाऱ्यानंबी त्याच पुस्तकातून उचलले असतीन. पन हे कोन मानन?"

"म्हंजे हा कागद तुमा चौघांतल्याच एकानं लिहिला."

पुंजाजीनं कागदाची घडी घातली. पाकीट कोनाड्यात टाकून तो मोटेकडे गेला. त्या दिवसापासून त्यानं आकडा म्हणून पाहिला नाही.

संध्याकाळी मारुतीच्या देवळात सेवादासबुवांच्या सप्ताहाची पताका लागली. वीस वर्षांत जिजाबाईनं बुवांचं एक कीर्तन चुकवलं नव्हतं. पखवाजावर पहिली थाप पडली की तिच्या अंगातला दिवसभराचा शीण उतरायचा. त्या संध्याकाळी ती देवळापर्यंत गेली, पायरीला हात लावला आणि आत न जाता म्हणाली, "मारुतीराया, ज्यानं माह्या लेकराचं नाव बुडवलं, त्याले समद्या गावापुढं खाली मुंडी घालून उभा करीन. तवरक मी तुह्या कीर्तनात बसनार नाई."

अन् ती भिंतीच्या बाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी उभी राहून कीर्तन ऐकू लागली.

२

ही चार पोरं गणित कसं शिकत, ते आधी सांगायला हवं. त्यावाचून पुढचं काही उमगणार नाही.

चौघंही अमरावतीला एकाच वर्गात. पुंजाजी माळ्याचा. निजामुद्दीन दर्ग्याच्या वाटेवरल्या अत्तरवाल्याचा. हिरालाल कापडाच्या पेढीवरल्या शेठजींचा एकुलता एक. मोहनसिंग धनजचा, घरची शेती चांगली, पण अभ्यासात सगळ्यांत मागं. सुट्ट्यांत आणि परीक्षेआधीच्या दीड महिन्यात ती रोज तिसऱ्या प्रहरी या मळ्यात जमत. खोपीत एक जुनी फळी काजळी फासून काळी केलेली होती. तिच्यावर चुनखडीनं लिहायचं.

रीत त्यांनी कीर्तनावरून घेतली होती. एक जण बुवा व्हायचा, खांद्यावर उपरणं टाकून फळीशी उभा राहायचा. बाकीचे टाळकरी. बुवानं एक पायरी सांगितली की टाळकऱ्यांनी ती म्हणायची, पटली तर "चालू द्या" म्हणायचं. एकालाही पटली नाही तर बुवानं पुढं जायचं नाही, मग सूर्य का मावळेना.

आणि त्यातली गंमत अशी, की बुवानं दर उदाहरणात मुद्दाम एक चूक लपवायची. तिला ते चोर म्हणत. टाळकऱ्यांनी चोर पकडायचा. पकडेल त्याच्या खांद्यावर उपरणं. वहीत मात्र उदाहरण चोरासकटच उतरवून ठेवायचं, खूण न करता. म्हणजे पुढं वही उघडली की चोर पुन्हा नव्यानं पकडावा लागे. चोर कुठं बसलाय, हे फक्त डोक्यात.

जिजाबाईला अक्षर येत नव्हतं. पण वाफे खुरपताना "चालू द्या, चालू द्या" कानावर पडत राही, आणि मध्येच आरडाओरडा झाला की ती ओळखायची, चोर गवसला.

दुसऱ्या दिवशी तिनं पाकीट कोनाड्यातून काढून पुंजाजीपुढं धरलं.

"वाच. त्या जोडलेल्या कागदात काय काय आहे, समदं वाच."

"काय करशीन ऐकून? तुले समजनार आहे का?"

"वर्सभर ऐकून राह्यली. वाच म्हनलं तं वाच."

तो रडक्या आवाजात वाचत गेला. पहिलं, दुसरं, तिसरं तिच्या डोक्यावरून गेलं. चौथं निघालं. जमिनीवरून सरळ वर दगड फेकला, निघताना वेग सेकंदाला चौसष्ट फूट. अठ्ठेचाळीस फुटांच्या उंचीवर तो केव्हा असेल? खाली आकडेमोड. शेवटी उत्तर, तीन सेकंदांनी.

"हे निजामचं चिंचेचं झाड ना?" जिजाबाई म्हणाली. "त्यानं सांगतानी मळ्यातली चिंच धरली होती, अठ्ठेचाळीस फुटांची."

"हाव, थेच."

"अन् उत्तर किती म्हनलं?"

"तीन."

"नुसतं तीन?"

पुंजाजीनं कागद पुन्हा पाहिला. पाकीट आल्यापासून पहिल्यांदा त्याचे डोळे आकड्यावर थांबले.

"माय," तो हळूच म्हणाला, "यानं चोर पकडलाच नाई."

३

तो चोर जिजाबाईनं स्वतः पकडला होता.

माघाचे दिवस होते. मळ्याच्या कडेच्या ज्वारीवर पोपट उतरत होते आणि ती गोफण घेऊन उभी होती. खोपीत निजाम बुवा. त्यानं शेवटी ठणकावून सांगितलं, दगड तीन सेकंदांनी चिंचेच्या शेंड्यापाशी. टाळकरी अडून बसले होते, चोर सापडत नव्हता. तेव्हा ही तिकडून म्हणाली, "अरे बाप्पाहो, गोटा शेंड्यापाशी एकडाव दिसते का? जातानी दिसते अन् येतानीबी दिसते."

खोपीत एकच हशा उठला. वर्गमूळ काढताना निजामनं अधिक एक घेतला होता आणि उणे एक गुपचूप टाकला होता. खरी उत्तरं दोन. एक सेकंदानं वर जाताना, तीन सेकंदांनी खाली येताना.

ते हसणं जिजाबाईला लख्ख आठवत होतं. हसणारी तोंडं मात्र आठवेनात. नजर पोपटांवर होती. पुंजाजीलाही सांगता येईना. रोज कुणी ना कुणी उशिरा येई, लवकर जाई. सहा महिन्यांपूर्वीची गोष्ट.

बुधवारी टोपली डोक्यावर घेऊन ती दर्ग्याच्या वाटेला लागली. मनात एकच नाव होतं. गोटा निजामचा, चिंच निजामची, अन् टाकलेलं उत्तरही निजामचंच. शिवाय पौषात पुंजाजीशी त्याचं भांडण झालं होतं, पहिला बुवा कोण यावरून.

निजामची आई रहमतबी दारातच भेटली. "आवं जिजा, ये. कोथिंबीर आनली का?"

"कोथिंबीर मंग. तुह्या पोराले भायेर बोलाव."

निजाम आला. जिजाबाईनं टोपली उतरवली नाही.

"काहून केलं रे? पुंजाजीनं तुले दुसरा बुवा केलं म्हनून?"

"क्या केलं, मावशी?"

तिनं सगळं सांगितलं. निजामचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. रहमतबीनं कपाळाला हात लावला.

"मावशी, कागदावर फकत तीनच लिवलं आहे ना?"

"फकत तीन."

"मंग सोचो ना. चोर माह्या घरचा. मीच त्याले लपवला. मी कोनाले फसवाले कागद लिवीन, तं माह्याच हातानं लपवलेला चोर त्यात तसाच ठेवीन का? मले तं दोन्ही उत्तरं झोपेत येतेत."

जिजाबाईनं टोपली उतरवली. खरंच होतं. वहीतून आंधळेपणानं उतरवणाऱ्याच्याच हातून ते झालं असतं. ज्याला ठाऊक नव्हतं की इथं चोर बसलाय.

"निजाम, मी चोर पकडला तवा तुमी मले काय केलं, याद आहे?"

निजामला एवढ्या दुःखातही हसू फुटलं. त्यानं उत्तर दिलं, आणि ते बरोबर होतं.

"हे कोनापाशी बोलू नोको," ती म्हणाली. "मले अजून दोघांले इचारायचं आहे."

४

शुक्रवारच्या बाजारात मोहनसिंग दिसला. निकालापासून तो मळ्याकडे फिरकला नव्हता. जिजाबाईला पाहताच तो बैलांच्या आडोशाला सरकला. ती सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"लपतं काहून?"

"लपत नाई, मावशी. लाज वाटते. तुमच्या घरची इतली भाकर खाल्ली, अन् झालो नापास."

"फकत त्याचीच लाज?"

"मंग आनखी कायची?"

त्याच्या डोळ्यांत काही सापडेना. पण डोळ्यांवर विसंबून राहायला ती तयार नव्हती. तिनं तोच प्रश्न टाकला. चोर पकडला तेव्हा तुम्ही मला काय केलं?

"पोतं," मोहनसिंग म्हणाला. "सकाळीच वासरानं उपरनं चघळून टाकलं होतं. मंग निजामनं कोपऱ्यातलं पोतं उचलून तुमच्या खांद्यावर टाकलं. तुरीचा भुसा पडला तुमच्या लुगड्यावर, अन् तुमी निजामले शिव्या दिल्या."

जिजाबाईनं मान हलवली. निजामनंही हेच सांगितलं होतं, शिव्यांसकट.

"तुमाले उपास होता त्या दिशी," मोहनसिंग बोलतच राहिला, त्याला खाण्याचं सगळं आठवे. "तुमी रताळं उकडले होते. समद्याले एक एक. माह्या वाट्याले दोन आले."

"दोन? मी तं मोजून पाच उकडले होते. चार तुमाले, एक मले."

"असन. पन मी दोन खाल्ले. पोतं घालून तुमीच म्हनलं, हे उरलं, खा रे मोहन्या."

गुऱ्हाळाच्या कढईत टाकलेल्या बत्ताशासारखं जिजाबाईच्या मनातलं धुकं विरघळत गेलं. रताळं उरलं, कारण खाणारा एक कमी होता. उपास होता, म्हणजे माघातली चतुर्थी.

ती बाजार अर्धा टाकून शेठजींच्या वाड्याकडे निघाली. वाटेत तिनं दोनदा टोपली उतरवून पुन्हा उचलली. त्या घरात कस्तुराबाई राहत होती.

५

कस्तुराबाई शेठाणी आणि जिजाबाई माळीण यांचं नातं देवळातलं. वीस वर्षं दोघी कीर्तनाला एकाच खांबाशी, एकाच घोंगडीवर बसत. बुवांनी सुदाम्याचं आख्यान लावलं की दोघींचे पदर एकदम डोळ्यांना जात. शेठाणीच्या घरी भाजी द्यायला जिजाबाई मागच्या दारानं जाई, पण देवळात तिची जागा कस्तुराबाईच्या उजव्या हाताला, आणि तिथं दुसऱ्या कुणाला बसू दिलं जात नसे.

"जिजा, चार दिवस झाले, तू बाहेर उभी राहून ऐकते," कस्तुराबाई म्हणाली. "तुझी जागा मी पदर टाकून राखते. बायका बोलतात."

"शपथ आहे, बाई."

"कसली?"

"सांगीन." जिजाबाईनं भेंडी मोजायला घेतली. "हिरालालचं लगन कोठी जमलं म्हनतेत?"

"कारंज्याला. माघातल्या चतुर्थीला पाहून आलो. मुहूर्त चांगला म्हणून शेठजींनी हट्टानं तोच दिवस धरला. हिऱ्या येईना, अभ्यास बुडतो म्हणे. पण नेला."

भेंड्या मोजता मोजता जिजाबाईचा हात थांबला. आकडा चुकला. तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

तेवढ्यात हिरालाल आतून आला. गोरा, नीटस, पायात नवे बूट. "मावशी, पुंजाजीचं फार वाईट झालं हो. माझ्यानं काही होत असेल तर सांगा."

"इचारायचंच होतं, बापू. पुंजाजी तं काई बोलत नाई. मी तुमचा तो चोर पकडला होता ना, तुमी मले काय केलं होतं? जीवाले थोडं बरं वाटन आठवून."

हिरालाल हसला. "काय म्हणजे? उपरणं घातलं ना तुमच्या खांद्यावर. तशी रीतच आहे आपली."

"हाव," जिजाबाई म्हणाली. "तशी रीत आहे."

तिनं भेंडी टोपलीतून काढून सुपात ओतली. कस्तुराबाईनं मूठभर साखर कागदात बांधून तिच्या हातात दिली, पुंजाजीसाठी. जिजाबाईनं ती घेतली. नको म्हणायला तोंड उघडलं नाही, आणि वाटेत ओढ्यात टाकून द्यायलाही हात झाला नाही.

६

"नाव मी घेणार नाही," सेवादासबुवा म्हणाले. देवळामागच्या पारावर जिजाबाईनं सगळी हकिकत त्यांच्यापुढं मांडली होती. "कीर्तनाच्या गादीवरून कुणावर दगड टाकत नसतात."

"टाकू नोका. तुमी फकत हिशेब घाला. दगड तो सोताच टाकते."

बुवांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. "जिजाबाई, तुम्हाला न्याय पाहिजे का सूड?"

"माह्या पोराची बंदी उठली पायजे. अन् ज्यानं केलं त्याची मान खाली पायजे. तुमी दोन्हीले जे नाव द्यायचं थे द्या."

शनिवारी, सप्ताहाच्या सहाव्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी देऊळ भरलं. बुवांनी पूर्वरंगात विवेकाचं निरूपण लावलं. मन हे कसं आपल्याला सोयीचं तेवढंच उत्तर ठेवतं आणि नकोसं उत्तर टाकून देतं, हे त्यांनी असं रंगवलं की म्हातारे डोलू लागले. मग विठ्ठलनामाचा गजर झाला. तो ओसरल्यावर बुवा हसून म्हणाले, "आपल्या गावची मुलं गणिताचं कीर्तन करतात, असं ऐकलं. आज ते ऐकू. बुवा कोण होतो? शेठजींचे चिरंजीव होतील का?"

शेठजींनी मान वर करून चार माणसांकडे पाहिलं. हिरालाल उठला. सेवादासबुवांनी स्वतःचं उपरणं त्याच्या खांद्यावर ठेवलं. निजाम आणि मोहनसिंग टाळकऱ्यांच्या जागी बसले. पुंजाजी दाराशी, आणि दाराबाहेर, उंबऱ्याच्या पलीकडे जिजाबाई.

"सोपं उदाहरण," बुवा म्हणाले. "चौसष्टच्या वेगानं गोटा वर फेकला. अठ्ठेचाळीस फुटांवर चिंचेचा शेंडा. तिथं तो केव्हा?"

हिरालालनं एकदा पुंजाजीकडे पाहिलं. पण मागं सरायला जागा नव्हती, बाप समोर बसला होता. आणि उत्तर तर त्याला पाठ होतं. त्यानं पायऱ्या सांगायला सुरुवात केली.

"चालू द्या," टाळकरी म्हणाले.

दुसरी पायरी. "चालू द्या." गावकऱ्यांना यातलं काही कळत नव्हतं, पण लय आवडली होती. तेही म्हणू लागले, चालू द्या.

"आता दोन्हीकडचं वर्गमूळ," हिरालाल म्हणाला. "काळातून दोन वजा केले की एक उरतो. म्हणून काळ तीन सेकंद."

निजाम काही बोलला नाही. मोहनसिंगही नाही. गावकरी "चालू द्या" म्हणायला तोंड उघडून थांबले.

"चालू द्या म्हणा ना," हिरालाल म्हणाला. 

"बापू," उंबऱ्याबाहेरून जिजाबाई बोलली. "गोटा वर गेलाच नाई का? सरळ आभायातूनच पडला?"

कुणीतरी हसलं. हिरालालच्या ओठांची हालचाल झाली. एक, असं तो पुटपुटला. मग त्याला सगळं दिसलं. 

जिजाबाई सावकाश बोलत गेली, जणू वाफ्यांत पाणी सोडत होती, एकानंतर एक. "मळ्यात हा चोर मी पकडला. जे तिथं होते, त्यांले उत्तरं दोन ठावे. निजामले ठावे, मोहन्याले ठावे, पुंजाजीले ठावे. विद्यापीठाले जो कागद गेला, त्याच्यावर उत्तर एक. म्हंजे तो लिहिनारा त्या दिशी मळ्यात नव्हता. त्यानं मांगून नुसती वही उतरवली. त्या दिशी माघातली चतुर्थी होती. माह्यं एक रताळं उरलं. चौथा कोठी होता, थे त्याच्या मायनं मले सांगतलं, तिले काई ठाऊक नसतानी. अन् मले पोतं घातलं होतं, उपरनं नाई. उपरनं वासरानं खाल्लं होतं."

"हे कसले पुरावे," शेठजी उठून म्हणाले. "पोतं अन् रताळी."

"पुरावा विद्यापीठात आहे, शेठजी," पुंजाजी बोलला. त्याचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा निघाला. "कागद माहा म्हनतेत ना? मंग पेपरात मीबी तीनच लिहिलं असतं. मी दोन्ही उत्तरं लिहिली. पेपर तपासनाऱ्यांनी तो काढून पाहावा. अन् आमा चौघांत एकच उत्तर कोनाच्या पेपरात आहे, थेबी पाहावं."

"हिऱ्या," शेठजी म्हणाले, "तू काय लिहिलं होतं?"

हिरालालच्या खांद्यावरून उपरणं घसरून खाली पडलं. त्यानं ते उचललं नाही.

"तीन," तो म्हणाला.

मान खाली गेली. सबंध गावापुढं. जिजाबाईनं ती जाताना पाहिली आणि उंबऱ्यावर टेकलेला हात काढून घेतला.

"काहून केलं?" पुंजाजीनं विचारलं.

"तुला आठवत नाही?" हिरालाल खालीच पाहत म्हणाला. "फाल्गुनात आमच्या पेढीवर गिऱ्हाईकं बसली होती. तू त्यांच्यासमोर म्हणालास, माझ्या मायनं एक चोर पकडला, आणि तुला वर्षभरात एकही नाही गवसला. बाबा त्या दिवसापासून मला माळणीपेक्षा मठ्ठ म्हणतात. कोणता चोर ते मी तुला विचारूही शकलो नाही. विचारलं असतं, तर तू पुन्हा हसला असतास."

पुंजाजीनं आठवून पाहिलं. त्याला खरंच आठवत नव्हतं.

७

कबुलीचं पत्र देवळाच्या पायरीवरच लिहिलं गेलं. जिजाबाई समोर उभी. हिरालाल एक वाक्य लिही, मोठ्यानं वाची आणि थांबे. ती म्हणे, चालू द्या. अर्ज मी केला. चालू द्या. कागद परीक्षेनंतर माझ्या वहीतून उतरवला. चालू द्या. पुंजाजीचा त्यात काही दोष नाही. चालू द्या. शेवटी नाव लिहिताना त्याचा हात अडला, तेव्हा ती म्हणाली, "बापाचंबी नाव घाल. पुरं."

शेठजी पायरीखाली उभे होते. त्यांनी हात जोडले. "जिजाबाई, पोरगं माझं आहे. दोन वर्षांची बंदी आता याला बसेल. कारंज्याची सोयरीक मोडेल. पत्र नको, मी स्वतः विद्यापीठात जाऊन बोलतो. गुपचूप मिटवू."

"माह्या पोराचं गुपचूप झालं होतं का?"

सेवादासबुवा जवळ आले. "क्षमा फार मोठी असते, बाई."

"तुमचं निरूपन मी वीस वर्सं आयकलं, बुवा. क्षमा ठावी आहे मले. पन नव दिवसांतले पाच गेले."

ती स्वतः पोस्टात गेली. पत्रावर शिक्का पडेपर्यंत खिडकीशी उभी राहिली, आणि शिक्क्याचा आवाज ऐकून मगच हलली. पंधरा दिवसांनी विद्यापीठाचं उत्तर यायचं होतं आणि ते पुंजाजीच्या बाजूनंच येणार होतं. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी पुंजाजीनं कोनाड्यातली वही काढली आणि फळीला नव्यानं काजळी फासली, एवढं तिला पुरलं.

दुसऱ्या दिवशी सप्ताहाची सांगता. जिजाबाईनं धुतलेलं लुगडं नेसलं. शपथ फिटली होती. सातव्या दिवशी तिनं उंबरा ओलांडला. बायकांनी वाट करून दिली. एकीनं तर पायाला हात लावला, वाघीण आहेस म्हणाली. ती आपल्या खांबाशी गेली.

घोंगडी नव्हती. घोंगडी कस्तुराबाई आणत असे.

जिजाबाई मोकळ्या फरशीवर बसली. पखवाजावर थाप पडली, बुवांनी सूर धरला, टाळ सुरू झाले. तिनं टाळी वाजवायला हात उचलले, आणि तेव्हा तिला दिसलं. कस्तुराबाई आली होती. दाराबाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी, भिंतीला टेकून उभी होती. ऐकत होती. जिथं जिजाबाई सहा दिवस उभी होती, नेमकी त्याच जागी.

गोटा वर जाताना जिजाबाईनं पाहिला होता. तीच उंची, तोच शेंडा. आता तो खाली येत होता.

बुवा गात राहिले. जिजाबाईनं कनवटीला हात घातला. साखरेची पुडी तिथंच होती, अजून न उघडलेली. ती थोडी उजवीकडे सरकली, आपल्या नेहमीच्या जागेवर, जिथं दुसऱ्या कुणाला बसू दिलं जात नसे. आणि डाव्या हाताला, खांबाच्या बुडाशी, कस्तुराबाईच्या जागेवर तिनं आपला पदर पसरून ठेवला. बायकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हे राखीव आहे." मग ती दाराकडे न पाहता टाळी वाजवू लागली. कीर्तन संपायला अजून बराच अवकाश होता.